ढिगारा कुणाचा? अंगणातला गोफर ओळखताना

काल संध्याकाळी टवटवीत असलेलं मिरचीचं रोप सकाळी मान टाकून उभं असतं. ऊन लागलं असेल म्हणून त्याला पाणी घातलं जातं, पण दुपारपर्यंत ते आडवं होतं. हाताने धरून जरा ओढलं तर अलगद वर येतं आणि खाली मुळंच नसतात. दोन दिवसांनी शेजारचं रोप जातं, मग त्याच्या पुढचं. कधी कधी तर वाळलेलं रोपही सापडत नाही. ते जिथे होतं तिथे मूठभर भुसभुशीत माती तेवढी उरते.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट, सनीवेल, सॅन होजे या भागात घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. घरामागच्या जागेत हौसेने लावलेली मेथी, अळू, गुलाब, लिंबू यांची अशी नासाडी झाली की घरात तर्कवितर्क सुरू होतात. कुणी मातीला दोष देतं, कुणी ठिबकच्या टायमरला. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आई-बाबा मात्र बहुधा पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, 'अरे, घूस लागलीय!' प्राण्याचं नाव चुकलं तरी त्यांची नजर योग्य ठिकाणी, म्हणजे जमिनीखाली गेलेली असते. घूस आपल्या आशियातली. कॅलिफोर्नियाच्या अंगणात मुळं खाली ओढून नेणारा प्राणी गोफर असतो.

इथे एक अडचण येते. गोफर जवळजवळ कधीच दिसत नाही, दिसतात त्या फक्त त्याच्या खुणा. त्याच अंगणात मोल, व्होल आणि जमिनीत राहणाऱ्या खारीही असू शकतात, आणि त्यांच्या खुणा पहिल्या नजरेला सारख्याच वाटतात. बागेचं जितकं नुकसान प्राणी करतात, तितकेच पैसे आणि कष्ट चुकीच्या प्राण्यावर चुकीचा उपाय करण्यात जातात, असं माझं मत आहे. म्हणून दुकानातून काही आणण्याआधी जमिनीवरच्या खुणा वाचायला शिकावं. ते अवघड नाही. प्रत्येक खूण त्या प्राण्याच्या खोदण्याच्या पद्धतीतून आलेली असते. ती पद्धत समजली की खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

खोदण्यासाठी घडलेलं शरीर

गोफरचं पूर्ण नाव पॉकेट गोफर. हा कृंतक वर्गातला, म्हणजे उंदीर-खारींच्या वर्गातला प्राणी फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत आढळतो. कॅलिफोर्नियात त्याच्या पाच जाती आहेत. घरांच्या आसपास सर्वांत जास्त आढळते ती बोट्टाचा गोफर ही जात. हे नाव पॉल-एमिल बोट्टा या निसर्ग अभ्यासकावरून पडलं. तो १८२७-२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर प्राण्यांचे नमुने गोळा करत होता. पुढे १८४३ मध्ये त्यानेच इराकमधल्या खोर्साबादला उत्खनन करून असीरियन राजवाडा उजेडात आणला. जमीन उकरून जगणाऱ्या या प्राण्याला एका उत्खननकर्त्याचं नाव मिळावं, हा योग मला फार आवडतो.

शेपटीसह सहा ते दहा इंच लांब, आखूड मानेचा, तपकिरी, बारीक डोळ्यांचा आणि इवल्याशा कानांचा असा हा प्राणी. पुढच्या पायांना लांब नख्या असतात. पुढचे चार पिवळसर पटाशीचे दात तोंड मिटल्यावरही बाहेर दिसतात, कारण त्याचे ओठ दातांच्या मागे मिटतात. त्यामुळे दातांनी माती खणतानाही ती तोंडात जात नाही. हे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून ते सतत झिजवावे लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ठिबकच्या नळ्यांच्या संदर्भात ती लागणार आहे.

नावातला 'पॉकेट' त्याच्या गालांवरच्या पिशव्यांमुळे आला. दोन्ही गालांच्या बाहेरच्या अंगाला, आतून केसाळ अशा या पिशव्या खांद्यापर्यंत जातात. मुळं आणि कंद तो त्यांत भरून कोठारापर्यंत नेतो. माती मात्र त्यांतून वाहत नाही, ती तो छातीने आणि पुढच्या पायांनी ढकलतो. बिळात वळायला जागा नसली तरी त्याचं अडत नाही. संवेदनशील शेपटीने मागचा अंदाज घेत तो जवळजवळ पुढे धावण्याच्याच वेगाने मागेही धावतो.

गोफर एकटा राहतो. विणीचा काळ आणि पिल्लं सोबत असण्याचे दिवस सोडले तर एका बिळात एकच प्राणी. पण त्या एकाच्या बोगद्यांचं जाळं दोनशे चौरस फुटांपासून दोन हजार चौरस फुटांपर्यंत पसरलेलं असू शकतं. म्हणून अंगणभर पंधरा ढिगारे दिसले म्हणजे खाली पंधरा गोफर आहेत, असं समजून घाबरू नये. बऱ्याचदा तो एकट्याचा उद्योग असतो. एका दिवसात तो अनेक ढिगारे करू शकतो.

ढिगारा एकाच बाजूला का पडतो?

गोफरची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे त्याच्या ढिगाऱ्याचा आकार. वरून पाहिलं तर तो अर्धचंद्राकृती किंवा घोड्याच्या नालेसारखा दिसतो. भोक ढिगाऱ्याच्या मध्यावर नसून एका कडेला असतं आणि ते मातीच्या बुचाने बंद केलेलं असतं.

याचं कारण जमिनीखालच्या रचनेत आहे. गोफरचा मुख्य बोगदा जमिनीला समांतर, साधारण सहा ते बारा इंच खोलीवर जातो. अडीच ते साडेतीन इंच रुंदीच्या या बोगद्यातून तो मुळांपर्यंत पोचतो. घरटं आणि अन्नाचं कोठार याहून बरंच खाली, कधी सहा फुटांपर्यंत असतं. एवढं खोदकाम करायचं तर निघालेली माती कुठेतरी टाकावी लागणार. त्यासाठी तो मुख्य बोगद्याला आखूड फाटे काढतो आणि हे फाटे सरळ वर न जाता तिरके चढतात. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमधून वर येणारा उतार डोळ्यांपुढे आणा. एखादा मजूर भरलेली ढकलगाडी त्या उतारावरून वर आणतो आणि बाहेर येताच समोर रिकामी करतो. त्याचा राडारोडा नेहमी दाराच्या पुढच्या अंगाला साचणार, दाराच्या मागे कधीच नाही. गोफर असाच मातीचा एकेक लोट तिरक्या फाट्यातून वर ढकलतो, ती पुढे आणि दोन्ही बाजूंना पसरते, आणि तो मागच्या मागे खाली उतरतो. काम झालं की फाट्याचं तोंड आतून मातीने गच्च भरून टाकतो.

हे बूच घालण्यालाही कारण आहे. उघड्या भोकातून साप आत येऊ शकतो. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या बिनविषारी सापाला तर गोफरवरूनच गोफर स्नेक असं नाव पडलं आहे. शिवाय बंद बोगद्यात ओलावा आणि तापमान स्थिर राहतं. म्हणून गोफर आपल्या घराचं दार उघडं ठेवत नाही. अंगणात तुम्हाला उघडी, मोकळी, वापरातली भोकं दिसत असतील तर संशयित दुसराच आहे.

गोफरसारखे भासणारे तिघे

सर्वांत जास्त घोटाळा मोलबाबत होतो. मोल हा उंदरांच्या वर्गातला नाही, तो आपल्या चिचुंद्रीचा लांबचा नातलग. त्याचं मुख्य अन्न गांडुळं आणि किडे. तो माती सरळ उभ्या भुयारातून वर ढकलतो, त्यामुळे ती चारही बाजूंना सारखी पडून गोल, शंकूच्या आकाराचा ढीग तयार होतो आणि बूच मध्यावर येतं. भक्ष्य शोधताना मोल पृष्ठभागाच्या अगदी जवळून जातो. त्याने हिरवळीवर फुगलेल्या लांब रेघा उमटतात आणि पाय ठेवला की त्या दबतात. गोफरचे बोगदे खोल असल्यामुळे अशा रेघा पडत नाहीत. मोल मुळं हलवतो, क्वचित उचकटतो, पण खाण्यासाठी कुरतडत नाही. तुमच्या अंगणात गोल ढिगारे आणि फुगलेल्या रेघा असतील आणि झाडं सुखरूप असतील, तर गोफरचा सापळा आणण्यात काही अर्थ नाही.

व्होल हा आखूड शेपटीचा, उंदरासारखा प्राणी. त्याची बिळं दीड इंचाच्या आसपास रुंद आणि उघडी असतात. एका बिळापासून दुसऱ्या बिळापर्यंत गवतातून ये-जा करून पडलेल्या अरुंद वाटा ही त्याची ओळख. मातीचा ढिगारा जवळजवळ नसतोच.

जमिनीत राहणारी खार तर दिवसाढवळ्या दिसते. तिचं बीळ चार इंच रुंद आणि उघडं. उताराच्या कडेला, लाकडांच्या ढिगाखाली किंवा झाडाच्या बुंध्याशी ते सापडतं, आणि सकाळच्या उन्हात ती तोंडाशी उभी राहून टेहळणी करत असते. तिच्यासाठी जमिनीवरच्या खुणा वाचण्याची गरजच पडत नाही.

[चौकट]
ढिगाऱ्याजवळ गेल्यावर काय पाहाल?
गोफर : अर्धचंद्राकृती ढीग, कडेला बुजवलेलं भोक, हिरवळीवर रेघा नाहीत, मुळं खाल्लेली.
मोल : गोल शंकूसारखा ढीग, मध्यावर बूच, फुगलेल्या रेघा, झाडं बहुतेक शाबूत.
व्होल : ढीग नाही, दीड इंची उघडी भोकं, गवतात अरुंद वाटा, बुंध्याची साल जमिनीलगत कुरतडलेली.
जमिनीतली खार : चार इंची उघडं बीळ, प्राणी दिवसा समोर दिसतो.
[चौकट समाप्त]

झाडं काय सांगतात?

ढिगारा दिसण्याआधीच झाडं बोलू लागतात. विशेषतः पहिल्या आठवड्यात, जेव्हा गोफर शेजारच्या अंगणातून येऊन चाचपणी करत असतो, तेव्हा ढिगारा कुंपणापलीकडे आणि नुकसान आपल्याकडे, असंही होतं.

रोप पाण्याअभावी कोमेजलं की मुळं कापल्यामुळे, हे ओळखण्याची साधी कसोटी आहे. पाणी कमी पडलं तर वाफ्यातली सगळी रोपं थोडीफार मलूल होतात आणि पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत सावरतात. मुळं गेलेलं रोप पाणी देऊनही उठत नाही, कारण पाणी ओढून घेणारा अवयवच उरलेला नसतो. शिवाय ते एकटंच जातं, आजूबाजूची ताठ उभी असतात. काही दिवसांत एकाच ओळीतली रोपं क्रमाने जाऊ लागली, तर त्या ओळीखालून बोगदा जातो आहे असं समजावं.

मोठ्या झाडांची गोष्ट अधिक फसवी आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष तिकडे द्यायला हवं. मेलेलं मिरचीचं रोप पुन्हा लावता येतं. पाच वर्षं वाढवलेलं सफरचंदाचं किंवा अंजिराचं झाड गेलं तर पाच वर्षं जातात. गोफर जमिनीखालच्या बुंध्याची आणि जाड मुळांची साल कुरतडतो. खोडात दोन वेगवेगळ्या वाटांनी वाहतूक चालते. मुळांनी शोषलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं आणि पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. साल चहूबाजूंनी कुरतडली गेली की खाली जाणारी वाट बंद होते, वर जाणारी चालू राहते. म्हणून झाड काही आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ, वरून हिरवंगार दिसत राहतं आणि खाली मुळांची उपासमार सुरू असते. पानं पिवळी पडू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. झाड एका बाजूला झुकत असेल, हाताने हलवल्यावर बुंध्याशी डुगडुगत असेल, नवी पालवी लहान आणि फिकट येत असेल, तर खताची पिशवी फोडण्याआधी बुंध्याभोवतीची चार-सहा इंच माती हाताने बाजूला करून साल पाहावी. कुरतडण्याच्या खुणा जमिनीखाली असतील तर गोफर, जमिनीलगत आणि थोड्या वर असतील तर व्होल.

कुंडीतल्या आणि जमिनीतल्या रोपांची तुलनाही उपयोगी पडते. एकाच जातीचं रोप कुंडीत ठणठणीत आणि जमिनीत मेलेलं, असं वारंवार दिसत असेल तर रोगापेक्षा गोफरची शक्यता जास्त.

आणखी एक खूण सहज नजरेतून सुटते. कधी कधी गोफर छोटंसं भोक पाडून डोकं आणि खांदे बाहेर काढतो आणि हाताशी येईल तेवढा पाला खाऊन परत आत जातो. बोगदा सोडून तो एका अंगलांबीपलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे हिरवळीत भोकाभोवती खाल्लेल्या गवताचं लहानसं वर्तुळ दिसतं आणि मध्ये सपाटीला बुजवलेलं भोक. अशा ठिकाणी ढिगारा नसतो.

पाण्याच्या खुणा

कॅलिफोर्नियातला पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्या जून-सप्टेंबरच्या पावसाच्या बरोबर उलट. उन्हाळ्यात भोवतालच्या टेकड्या वाळून पिवळ्या पडतात, जमीन दगडासारखी टणक होते, आणि त्या कोरड्या मुलखात पाणी घातलेलं अंगण तेवढं मऊ आणि मुळांनी भरलेलं राहतं. गोफर तिकडे वळणारच. बागायती जमिनीत त्यांची वीणही वाढते. कोरडवाहू भागात मादी वर्षाला एकदाच विते, पाण्याखालच्या जमिनीत वर्षात तीनदाही, आणि एका वेळी सरासरी पाच-सहा पिल्लं. वेगळ्या झालेल्या पिल्लांना स्वतःची जागा शोधावी लागते आणि ती जागा बहुधा शेजारचं अंगण असते.

आता दातांकडे वळू. गोफरच्या वाटेत ठिबकची नळी आली की तो ती कुरतडतो. प्लॅस्टिक काही त्याचं अन्न नाही, पण दात झिजवायचे आणि वाट मोकळी करायची तर समोर येईल ते चावलं जातं. मग वाफ्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, मध्येच कुठे कायम चिखल राहतो, पाण्याचं बिल वाढतं. नळी उघडून पाहिली तर ताणाने पडलेली चीर आणि दातांच्या जोडखुणा यांतला फरक लगेच कळतो. आणि नळी शाबूत असूनही हौदभर पाणी दिल्यावर झाडाखालची माती कोरडीच राहत असेल, तर पाणी बोगद्यात शिरून भलतीकडे वाहतं आहे. उतारावरच्या घरांनी ही खूण गंभीरपणे घ्यावी. बोगद्यातून वाहणारं पाणी माती घेऊन जातं आणि बांध किंवा उताराची कड खचू शकते.

बीळ वापरात आहे का?

खुणा गोफरच्या आहेत हे ठरलं, तरी तो अजून तिथे आहे की नाही हे वेगळं पाहावं लागतं. जुना ढिगारा फिकट रंगाचा असतो, त्यावर पपडी धरते, गवताची पाती उगवतात. ताज्या ढिगाऱ्याची माती गडद, ओलसर आणि मोकळी. रंगावर विसंबायचं नसेल तर सगळे ढिगारे दाताळ्याने सपाट करावेत आणि एक-दोन दिवस वाट पाहावी. नवा ढिगारा उठला तर घरमालक घरी आहे.

याहून पक्की कसोटी त्याच्या बूच घालण्याच्या सवयीवर आधारलेली आहे. त्यासाठी आधी मुख्य बोगदा शोधावा लागतो. पार्किंगचा उतार पुन्हा आठवा. माती पुढे पडली आहे, म्हणजे तळघर मागच्या बाजूला आहे. ढिगाऱ्याच्या ज्या कडेला बूच आहे त्या बाजूने, बुचापासून आठ ते बारा इंचांवर लोखंडी सळई सरळ जमिनीत दाबायला सुरुवात करावी. सहा ते बारा इंचांच्या खोलीत एका ठिकाणी सळई एकदम दोनेक इंच आत घुसते आणि हाताला पोकळी जाणवते. तो मुख्य बोगदा. तिथे फावड्याने एक छोटा खड्डा करून बोगदा उघडा ठेवावा. आत उजेड आणि वारा शिरला की गोफर ते भोक बुजवायला येतो. दोन दिवसांत भोक मातीने बंद झालं तर बीळ वापरात आहे. उघडंच राहिलं तर तो तिथून गेला आहे.

मग करायचं काय?

आपल्याकडच्या अनेक घरांना प्राणी मारणं पटत नाही, आणि ती भावना मला रास्त वाटते. अशांसाठी खात्रीचा उपाय म्हणजे जाळी. झाड लावण्याआधीच खड्ड्यात गॅल्व्हनाइज्ड तारेची, अर्धा ते पाऊण इंच भोकांची टोपली बसवावी. मुळांना काही वर्षं वाढायला पुरेल इतकी ती मोठी हवी आणि तिची कड जमिनीच्या काही इंच वर ठेवावी, कारण गोफर रात्री जमिनीवरून चालत येऊन आत उतरू शकतो. भाजीपाल्यासाठी लाकडी चौकटीचा उंच वाफा करून त्याच्या तळाला तीच जाळी ठोकावी, कडांना फट ठेवू नये. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी स्वस्त मिळते, पण ती जमिनीत लवकर गंजते. एकदा नीट केलेलं हे काम वर्षानुवर्षं टिकतं. झाड लावून झाल्यावर मात्र ते करता येत नाही, म्हणून नवं घर घेतलेल्यांनी पहिल्याच लागवडीत करावं.

पकडायचंच असेल तर सापळा सर्वांत परिणामकारक. लॉस गॅटोस गावातल्या झेफिर मॅकाबी नावाच्या न्हाव्याने १९०० साली तारेच्या एका सापळ्याचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाचा सापळा आजही कॅलिफोर्नियातल्या दुकानांत मिळतो. मुख्य बोगदा उघडून दोन सापळे दोन विरुद्ध दिशांना तोंड करून ठेवतात, म्हणजे गोफर कुठूनही आला तरी सापडतो. इथेही त्याची बूच घालायला येण्याची सवयच उपयोगी पडते. तारांना साखळी बांधून ती खुंटीला अडकवावी आणि मुलं, कुत्री, मांजरं तिथे जाणार नाहीत अशी व्यवस्था करावी. दोन दिवसांत काही झालं नाही तर जागा बदलावी. जिवंत पकडून दूरच्या टेकडीवर सोडून येण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, पण कॅलिफोर्नियात पकडलेला वन्यप्राणी परवान्याशिवाय दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही.

जमिनीत खोचायची थरथरणारी किंवा आवाज करणारी यंत्रं घेऊ नयेत. गोफरला रस्त्याच्या आणि गवत कापण्याच्या यंत्राच्या हादऱ्यांची सवय असते, आणि या यंत्रांनी तो निघून जातो याला पुरावा नाही. बिळात पाण्याचा पाइप सोडणं, लसूण किंवा च्युइंग गम टाकणं यांचंही तेच. एरंड लावला तर गोफर येत नाही असंही सांगितलं जातं. तोही भरवशाचा उपाय नाही. उलट एरंडाच्या बिया अतिशय विषारी असतात, लहान मुलं खेळतात तिथे तो लावूच नये.

विषाबद्दल मला स्पष्ट सांगायचं आहे. घराच्या अंगणात ते टाळा. विष खाल्लेला गोफर घुबडाच्या, ससाण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या मांजराच्या पोटात गेला तर विष पुढे जातं. ज्यांनी रक्त गोठत नाही अशा विषांवर कॅलिफोर्नियाने गेल्या काही वर्षांत कडक निर्बंध आणले, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडच्या गव्हाणी घुबडाचे तिथले भाऊबंद रात्री गोफर मारून पिल्लांना भरवतात. नापा खोऱ्यातले द्राक्षबागायतदार त्यांच्यासाठी बागेत खांबांवर लाकडी पेट्या लावतात. एका लहान अंगणाचा प्रश्न घुबडं सोडवणार नाहीत, त्यांचा शिकारीचा टापू फार मोठा असतो. पण निदान त्यांना आपल्यामुळे विष मिळू नये.

अंगणाबाहेरचा गोफर

हा प्राणी फक्त उपद्रवी आहे, असं मात्र समजू नका. १८ मे १९८० ला वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्स पर्वताचा उद्रेक झाला आणि मैलोगणती जमीन राखेखाली गेली. जमिनीखालचे काही गोफर वाचले आणि खोदू लागले. खालची जुनी, जिवाणूंनी आणि बुरशीच्या धाग्यांनी समृद्ध माती त्यांनी वर आणली. पुढे १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी उजाड पडलेल्या प्युमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या सच्छिद्र दगडाच्या, दोन लहान तुकड्यांवर काही गोफर फक्त एका दिवसासाठी सोडले. सहा वर्षांनी त्या तुकड्यांवर ४० हजारांहून अधिक रोपं उगवलेली आढळली, भोवतालची जमीन बरीचशी उघडीच होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर तिथल्या सूक्ष्मजीवांवरचा परिणाम इतक्या वर्षांनंतरही दिसत असल्याचं नोंदवलं आहे.

टाहो सरोवराकडे वसंतात फिरायला जाणाऱ्यांना सिएरा नेवाडाच्या कुरणांत गवतावर वळणं घेत गेलेल्या मातीच्या लांब वळकट्या दिसतात. हिवाळ्यात गोफर बर्फातून बोगदे काढतो आणि खालून निघालेली माती त्यांत भरतो. बर्फ वितळलं की ती माती तशीच गवतावर बसते. तिथे त्याला त्याचं काम करू द्यावं.

अंगणात मात्र एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. गोफर गेला तरी बोगदे राहतात, आणि तयार घर रिकामं दिसलं की शेजारचा दुसरा गोफर त्यात येऊन राहतो. त्यामुळे एकदा उपाय केला म्हणजे विषय संपला असं होत नाही. ढिगारे सपाट केल्यानंतर दर पंधरा दिवसांनी एकदा कुंपणाच्या कडेने फेरी मारा, आणि वसंतात व शरदात, माती ओली आणि खोदायला सोपी असताना, जास्त वेळा मारा. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांशी बोला, कारण बोगदे कुंपण जुमानत नाहीत आणि दोन्हीकडे एकाच वेळी उपाय झाला तरच तो टिकतो. खूण ओळखता आली नाही तर ढिगाऱ्याचा वरून काढलेला फोटो घेऊन आपल्या काउंटीतल्या मास्टर गार्डनर स्वयंसेवकांना विचारा. कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रशिक्षण दिलेले हे लोक सांता क्लारा आणि अलामेडा या दोन्ही काउंट्यांत आहेत आणि त्यांचा सल्ला मोफत मिळतो.